कुंपणापाशी थांबणारं जुळं

संध्याकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडवरून एकलहऱ्याकडं पाहिलं की औष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसतात. २१० मेगावॅटचे तीन संच, एकूण ६३० मेगावॅट. सूर्य मावळलेला असतो, सौर पॅनेलं थंड पडलेली असतात आणि राज्याच्या वीजजाळ्यावरचा भार मात्र चढत असतो. त्या घटकेला जाळ्यात जी वाढीव वीज येते, ती बहुतेक कोळशाची. आता समजा, त्याच घटकेला सिन्नरच्या माळेगाव वसाहतीतल्या एका शेडमध्ये पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र चालू आहे. दुपारी मालकाच्या सौर प्रकल्पानं जाळ्यात घातलेली वीज ते यंत्र आता परत घेतंय. कागदावरचा हिशोब चोख आहे. या हायड्रोजनला हरित म्हणायचं का?

हरित हायड्रोजनच्या धंद्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि ‘डिजिटल ट्विन’ वापरण्याची आज जी चर्चा चालते, ती या प्रश्नापासून सुरू व्हायला हवी असं मला वाटतं. ती सुरू होते दुसरीकडून: उत्पादन किती टक्क्यांनी वाढेल, देखभालीचा खर्च किती घटेल, किती माणसं कमी लागतील. हे प्रश्न गैर नाहीत. पण हायड्रोजनच्या नावाआधी लागणारा ‘हरित’ हा शब्दच ज्या मालाची खरी किंमत आहे, तिथं त्या शब्दाचा हिशोब कोण ठेवतं आणि किती बारकाईनं ठेवतं, हा प्रश्न आधीचा आहे. या तंत्रज्ञानाकडून मला अपेक्षा आहेत आणि खऱ्या आहेत. म्हणूनच त्याच्याकडं फार थोडं मागितलं जातंय याचं वाईट वाटतं.

डिजिटल ट्विनला आपण डिजिटल जुळं म्हणू. १९७० च्या एप्रिलमध्ये अपोलो १३ या यानातली प्राणवायूची टाकी फुटली, तेव्हा जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये यानाची तीच पंगू अवस्था उभी केली गेली. वरच्या तिघांना द्यायच्या सूचना आधी खाली करून पाहिल्या गेल्या. पुढं २००२ मध्ये मायकेल ग्रीव्ह्ज यांनी यंत्राबरोबर आयुष्यभर चालणाऱ्या संगणकी प्रतिरूपाची कल्पना मांडली आणि २०१० च्या सुमारास नासाच्या कागदपत्रांतून हे नाव रुळलं. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की खाली जे उभं केलं, ते बिघडलेल्या यानाचं रूप होतं. कारखान्याचं रंगीत, गोल फिरणारं चित्र पडद्यावर दिसलं की त्याला जुळं म्हणायची आता पद्धत पडली आहे. ते चित्र चांगलं असेल, पण जुळं म्हणवून घ्यायचं तर जखमाही सारख्या हव्यात. यंत्राचा एक भाग झिजला की प्रतिरूपातला तोच भाग तेवढाच झिजलेला दिसला पाहिजे.

पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्रात, म्हणजे इलेक्ट्रोलायझरमध्ये, या झिजेला फार महत्त्व आहे. एका चौकटीत शेकडो पेशी एकमेकींना लागून बसवलेल्या असतात, त्याला स्टॅक म्हणतात. अल्कलाइन प्रकारात त्यांतून कॉस्टिक पोटॅशचं सुमारे ३० टक्क्यांचं गरम द्रावण फिरत असतं. प्रत्येक पेशीवर दोन व्होल्टच्या आसपास दाब पडतो. पाणी फोडायला शास्त्रानुसार किमान १.२३ व्होल्ट पुरतात, बाकीचे प्रत्यक्षातल्या अडथळ्यांपोटी जातात. यंत्र जुनं होतं तसा हा दाब किंचित किंचित वाढत जातो. फॅरेडेच्या नियमानं हिशोब केला तर पेशीमागं नुसती ०.१ व्होल्टची वाढ म्हणजे एक किलो हायड्रोजनमागं जवळजवळ पावणेतीन युनिट जादा वीज. किलोला एकूण ५० ते ५५ युनिट लागतात, त्यात पावणेतीन युनिट हा नफ्या-तोट्याचा फरक आहे. आणि शेकडो पेशींची बेरीजच मीटरवर दिसत असेल तर त्यातली एक आजारी पेशी बेरजेत लपून जाते.

इथं संगणकाची नजर माणसापेक्षा सरस ठरते, हे मोकळ्या मनानं मान्य करायला हवं. पेशीपेशीचा दाब, द्रावणाचं तापमान, वायूची शुद्धता, पंपाचा प्रवाह यांची दर सेकंदाची नोंद घेऊन कुठली पेशी बाकीच्यांपेक्षा वेगळी वागू लागली, हे महिनाभर आधी ओळखणं यंत्राला जमू शकतं. नाशिकच्या सातपूर वसाहतीतला जुना ऑपरेटर पंपाच्या आवाजावरून बेअरिंग जायला आलंय हे सांगतो. पण पेशीला आवाज नसतो.

दुसरं काम याहून नाजूक. अल्कलाइन यंत्रात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यामध्ये एक पडदा असतो आणि त्यातून थोडा हायड्रोजन पलीकडं झिरपतोच. यंत्र पूर्ण भारानं चालू असताना पलीकडं ऑक्सिजनही भरपूर तयार होतो, त्यामुळं झिरपलेल्या हायड्रोजनचं प्रमाण नगण्य राहतं. भार उतरवला की ऑक्सिजन कमी होतो आणि झिरपणं मात्र जवळपास तेवढंच राहतं. प्रमाण चढू लागतं. ४ टक्क्यांपासून हे मिश्रण पेट घेऊ शकतं, म्हणून साधारण २ टक्क्यांपाशीच यंत्र बंद करायची वेळ येते. म्हणजे सूर्य ढगाआड गेला की हे यंत्र दिव्यासारखं मंद करता येत नाही. एका मर्यादेखाली ते थांबवावंच लागतं, आणि वारंवार थांबवलं तर इलेक्ट्रोड खराब होतात.

नाशिकचं आभाळ ज्यांना माहीत आहे त्यांना यातली अडचण लगेच कळेल. जुलैत त्र्यंबकेश्वराकडून ढगांची रांग लागते ती हटत नाही, आणि पूर्वेला सिन्नरच्या बाजूला ऊन असतं. परतीच्या पावसात दुपारी दोनला लख्ख ऊन, तीनला काळोख. अशा आभाळाखाली, पुढच्या अर्ध्या तासात किती वीज हाती येईल, चारपैकी कुठला स्टॅक चालू ठेवायचा, कुठला आत्ताच शांतपणे बंद करायचा, बॅटरी किती राखायची, हे निर्णय दिवसातून पन्नास वेळा घ्यावे लागतील. हे काम अनुभवी माणसालाही थकवणारं आहे. अंदाज बांधणारा संगणक आणि त्याखाली यंत्राचं खरं प्रतिरूप असेल तर ते नीट होऊ शकतं. चीनमध्ये शिनजियांगमधल्या कूचा इथं सिनोपेकचा २६० मेगावॅटचा प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला. तिथली यंत्रं कागदावर ३० टक्के भारापर्यंत खाली उतरायला हवी होती. प्रत्यक्षात ५० टक्क्यांखाली ती सुरक्षित चालत नाहीत, अशा बातम्या त्याच वर्षाअखेर आल्या. उत्पादकानं दिलेला कागद आणि उन्हातलं यंत्र यांत अंतर पडतं. ते अंतर खरेदीआधी दाखवणं हे जुळ्याचं पहिलं मोल.

इथवर तंत्रज्ञानाची बाजू भक्कम आहे. कुंपणाच्या आतली.

पण हायड्रोजनचे कारखाने कुंपणाच्या आतल्या कारणांनी क्वचितच अडतात. आपल्याकडं हा अनुभव साठ वर्षांचा आहे. पंजाबात नांगल इथं १९६१ मध्ये खत कारखाना सुरू झाला. भाक्रा धरणाच्या जलविजेवर पाण्याचं विघटन करायचं, हायड्रोजनपासून अमोनिया बनवायचा, आणि त्याच प्रवाहातून जड पाणी काढायचं, अशी रचना होती. हरित हायड्रोजन हा शब्द जन्मायच्या आधी भारतानं तो मोठ्या प्रमाणावर बनवला होता. पुढं भाक्राच्या विजेला शेतीपंपांची आणि शहरांची मागणी वाढली, आणि कारखाना विघटन सोडून इंधन तेलाकडं वळला. विजेला दुसरा, अधिक निकडीचा धनी मिळाला, एवढंच घडलं.

आणि फार लांब जायचीही गरज नाही. सिन्नरजवळ १३५० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा राहिला, २७० मेगावॅटचे पाच संच. यंत्रं बसली, धुराडी उभी राहिली आणि मग वर्षानुवर्षं सगळं शांत. कोळसा आणायचा रेल्वेमार्ग जमिनीच्या प्रश्नात अडकला आणि वीज विकत घेणारा दीर्घ मुदतीचा करार मिळाला नाही. प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेपर्यंत गेलं. त्या प्रकल्पाचं कितीही अचूक डिजिटल जुळं कुणी बनवलं असतं, तरी बॉयलरपासून टर्बाइनपर्यंत सगळं ठीक आहे असंच त्यानं सांगितलं असतं. त्याची सीमा कुंपणापाशी आखलेली असती तर त्याला रूळ दिसलेच नसते. मॉडेलची सीमा कुठं आखायची हा म्हणूनच निव्वळ तांत्रिक निर्णय नाही. काय मोजायचं आणि कशाकडं पाठ फिरवायची, हे तिथं ठरतं.

हरित हायड्रोजनपुरतं बोलायचं तर ही सीमा किमान दोन ठिकाणी कुंपणाबाहेर न्यावी लागेल. एक विजेच्या तासापर्यंत, दुसरी पाण्याच्या महिन्यापर्यंत.

आधी वीज. केंद्र सरकारनं ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली, १९,७४४ कोटी रुपयांचं. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य ठरलं. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्रानं स्वतःचं धोरण जाहीर केलं, ८,५६२ कोटींची तरतूद आणि वर्षाला ५ लाख टनांचं लक्ष्य. ऑगस्टमध्ये केंद्रानं व्याख्या केली: एक किलो हायड्रोजनमागं २ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड नको, आणि ही सरासरी १२ महिन्यांची धरायची. नैसर्गिक वायूपासून नेहमीच्या पद्धतीनं हायड्रोजन बनवला तर किलोमागं सुमारे १० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामानानं २ किलोची अट कडक वाटते, आणि आहेही.

आता हिशोब मांडून पाहू. आपल्या देशाच्या जाळ्यातल्या एका युनिटमागं सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. एका किलोला ५२ युनिट धरले आणि सगळी वीज जाळ्यातली वापरली, तर तो झाला ३६ किलो. म्हणजे ज्या जुन्या पद्धतीला आपण हटवायला निघालो, तिच्या साडेतीनपट घाण. आणि २ किलोच्या मर्यादेत राहायचं तर ५२ पैकी जाळ्यातली वीज जेमतेम ३ युनिट चालेल, अठरावा हिस्सा. त्यातच पाण्याचं शुद्धीकरण आणि हायड्रोजन दाबून भरणारे काँप्रेसर यांचंही भागवायचं. या धंद्यात हरितपणाला एवढीच फट आहे.

पण याच व्याख्येत दुसरी एक तरतूद आहे. नियमांनुसार जाळ्यात ‘बँक’ केलेली सौर वा पवन वीजही नवीकरणीयच मोजायची. दुपारी ठेव, संध्याकाळी काढ. बँकेतल्या पैशांना हे लागू पडतं, कारण रुपया दुपारचा असो की रात्रीचा, रुपयाच असतो. विजेचा युनिट तसा नसतो. दुपारी जाळ्यात घातलेला युनिट दुपारीच कुणीतरी वापरून टाकतो. संध्याकाळी आपण काढतो तो दुसराच युनिट, त्या घटकेला कुठल्या तरी बॉयलरमध्ये तयार झालेला.

नाशिकच्या भांडी बाजारातला जुना व्यापारी दोन वह्या ठेवायचा. रोजमेळ आणि ताळेबंद. ताळेबंद वर्षाचा, रोजमेळ रोजचा, आणि रोजमेळ न जुळता रात्री दुकान बंद होत नसे. हरित हायड्रोजनच्या बाबतीत आपण फक्त ताळेबंद मागतो आहोत. वर्षाअखेर बेरीज जुळली की प्रमाणपत्र. आणि गंमत वाटावी अशी नव्हे, तर चिंता वाटावी अशी गोष्ट ही, की रोजमेळच काय, तासमेळ ठेवू शकणारं साधन आज पहिल्यांदा आपल्या हातात आहे. डिजिटल जुळ्याला प्रत्येक पंधरा मिनिटांची वीज कुठून आली, किती आली, तिच्यातून किती हायड्रोजन झाला, हे सगळं माहीत असतं. त्याला ते ठेवायलाच लागतं, नाहीतर त्याचं रोजचं कामच चालणार नाही. फक्त ते कुणाला दाखवायचं नाही, असं आपण ठरवलं आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा खरा धोका मला इथं दिसतो. यंत्र बंड करेल वगैरे भीतीशी याचा संबंध नाही. सांगितलेलं उद्दिष्ट ती फार इमानानं गाठते, हीच अडचण आहे. तिला सांगितलं की वर्षाच्या सरासरीत २ किलोच्या आत राहून खर्च कमीत कमी ठेव, तर ती बँकिंगचा प्रत्येक तास, दराचा प्रत्येक कोपरा शोधून काढेल, आणि १.९९ वर वर्ष संपवेल. माणसाला कदाचित संकोच वाटला असता, थकवा तरी आला असता. तिला दोन्ही नाहीत. नियमात जी ढिलाई आहे, ती हे साधन तंतोतंत वापरून दाखवतं. म्हणून साधन हुशार होत जाईल तसा नियम अधिक काटेकोर व्हायला हवा.

युरोपीय संघानं २०२३ मध्ये याचा मार्ग आखला. २०२९ अखेरपर्यंत वीज आणि हायड्रोजन यांचा मेळ महिन्याला घालायचा, २०३० पासून तासाला. निर्यातीचं स्वप्न पाहणाऱ्या आपल्या उद्योगांना हा मेळ आज ना उद्या घालावाच लागेल. यावर उद्योजकांचा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो हसण्यावारी न्यावा असा नाही. तासाचा मेळ घातला तर यंत्र दिवसाचे सहा-सात तासच चालेल, कोट्यवधींची गुंतवणूक बाकीचा वेळ पडून राहील आणि हायड्रोजन कुणालाच परवडणार नाही. आधी धंदा उभा राहू द्या, शुद्धता नंतर आणा. यातलं पहिलं वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे. सौर विजेच्या जोडीला पवन आणि साठवण घेतली तर तास वाढतात, आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर वारा पावसाळ्यात, नेमका ढगांच्या दिवसांत, जोर धरतो. तरी खर्च वाढेलच. पण ‘नंतर’ या शब्दावर माझा विश्वास नाही. ढिल्या व्याख्येवर एकदा कर्जं उभी राहिली, करार झाले, की व्याख्या घट्ट करायला कुठलंच सरकार धजत नाही. मी आज तासाच्या मेळाची सक्ती मागत नाही. तासाच्या मेळाचं प्रकाशन मागतो. ज्या प्रकल्पाला सार्वजनिक तिजोरीतून अनुदान मिळतं, त्यानं आपला ताशी हिशोब लोकांसमोर ठेवावा. खरेदीदार, बँका, अभ्यासक काय ते ठरवतील.

आता पाणी. नाशकात पाण्याबद्दल बोलताना आवाज आपोआप चढतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये जायकवाडी धरणासाठी नाशिक आणि नगरच्या धरणांतून ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हाचे मोर्चे सगळ्यांना आठवत असतील. म्हणून हायड्रोजन पाण्यापासून बनतो हे ऐकलं की पहिली शंका नाशिकच्या गंगापूर धरणाची येते. माझीही तीच होती. मी हिशोब करून पाहिला आणि मला माझं मत बदलावं लागलं.

एक किलो हायड्रोजनला रसायनशास्त्राप्रमाणे ९ लिटर पाणी लागतं. शुद्धीकरणात वाया जाणारं आणि थंड करायला लागणारं धरून २० लिटर म्हणू. राज्याचं पूर्ण ५ लाख टनांचं लक्ष्य गाठलं तरी वर्षाला होतात १,००० कोटी लिटर, म्हणजे साधारण ०.३५ टीएमसी. सगळ्या महाराष्ट्राचं मिळून, गंगापूर धरणाच्या साठ्याच्या सोळाव्या हिश्शाच्या आसपास. १० मेगावॅटचा, सौर विजेवर चालणारा एक प्रकल्प वर्षभरात जेवढं पाणी घेईल, तेवढं दोन-तीन एकर द्राक्षबागही घेते. पाण्याच्या नावानं या उद्योगाला विरोध करणाऱ्यांनी हा आकडा नजरेआड करू नये.

तरीही मी पाण्याला जुळ्याच्या सीमेत घ्या म्हणतो, कारण एकूण आकडा लहान असला तरी पाणी एकूण आकड्यात भांडत नाही. ते भांडतं ठिकाणावर आणि महिन्यावर. सिन्नर तालुक्याच्या पूर्वेला मे महिन्यात टँकर चालू असतात. तिथल्या वसाहतीत दिवसाला लाखभर लिटर शुद्ध पाणी घेणारा आणि त्यातून क्षारांनी दाट झालेलं पाणी बाहेर टाकणारा कारखाना शेजाऱ्यांना टोचणारच, मग वार्षिक सरासरी काहीही म्हणो. यावर उपायही आहे. नाशिक महापालिकेची सांडपाणी प्रक्रिया केंद्रं तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक अशी गोदावरी आणि तिच्या उपनद्यांच्या काठानं आहेत. या पाण्यावर आणखी शुद्धीकरण करून ते इलेक्ट्रोलायझरला देता येईल. खर्च वाढेल, पण पाणी शुद्ध करण्याचा खर्च विजेच्या खर्चापुढं किरकोळ असतो. ५२ युनिट जिथं हायड्रोजन बनवायला जातात, तिथं २० लिटर पाणी पुन्हा पुन्हा गाळायला एक युनिटही लागत नाही. आणि रामकुंडाच्या खाली नदीत काय मिसळतं हे २०२७ च्या सिंहस्थाच्या तोंडावर सगळ्यांनाच विचारावंसं वाटतं. त्यातलं थोडं पाणी तरी अशा वाटेनं वळलं तर मला आनंदच होईल.

त्यासाठी जुळ्याला धरणाची पातळी, पाटाच्या आवर्तनाच्या तारखा आणि प्रक्रिया केंद्राच्या पाण्याचा दर्जा माहीत हवा. उत्पादनाचं वेळापत्रक आखताना मे महिन्यात देखभालीची सुट्टी घ्यावी, टाक्या एप्रिलपर्यंत भरून ठेवाव्यात, असं सुचवणं त्याला अवघड नाही. त्याला कुणी तसं विचारलं पाहिजे.

नाशिकचा या सगळ्याशी नेमका संबंध काय, असं कुणी विचारेल. हे रिफायनरीचं गाव नाही, खत कारखान्याचं नाही. राज्यातले हायड्रोजनचे मोठे गिऱ्हाईक मुंबईत माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत, ट्रॉम्बेच्या आणि अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यांत आहेत. संशोधन पुण्यात आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा तिथं आहे, केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी मिळून केलेली हायड्रोजन इंधनघटाची बस ऑगस्ट २०२२ मध्ये तिथंच दाखवली गेली. नाशिकचा दावा वेगळा आहे. सातपूर आणि अंबड या वसाहतींत विजेची स्विचगिअर, ट्रान्सफॉर्मर, मोटारी, रिले बनतात. मायको सर्कल हे नाव ज्या कारखान्यावरून पडलं, तिथं डिझेल इंजेक्टरचं काम मायक्रॉनच्या मापात चालत आलं आहे. ओझरला एचएएलमध्ये सुखोईची डागडुजी होते, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इथंच बनलेलं पहिलं तेजस एमके-१ए विमान उडालं. दाब, गळती, तापमान, विद्युतप्रवाह मोजणारी आणि त्या मोजमापावर भरवसा ठेवून जगणारी माणसं या गावात तीन पिढ्यांपासून आहेत. इलेक्ट्रोलायझरच्या किमतीत स्टॅकइतकाच वाटा रेक्टिफायर, ट्रान्सफॉर्मर, झडपा, पंप, संवेदक यांचा असतो, आणि तो सगळा नाशिकचा माल आहे.

या गावानं मोजण्याचं एक काम स्वतःच्या गरजेतून केलेलं आहे. २०१५ च्या सिंहस्थाच्या आधी, मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये काम करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकारानं ‘कुंभथॉन’ झाला. त्यातून इथल्या शाळकरी वयाच्या मुलांनी दाब ओळखणाऱ्या चटया बनवल्या. त्यांवरून चालणाऱ्यांची पावलं मोजून गर्दीचा अंदाज घ्यायचा. नाव ठेवलं अशिओतो, जपानीत पावलांचा आवाज. मला त्यातलं मोठेपण तंत्रात दिसत नाही. कुठं मोजायचं, याची निवड त्यांनी गावाच्या दुखण्यावरून केली, यात दिसतं. २००३ च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी हे गाव विसरलेलं नव्हतं.

हायड्रोजनच्या जुळ्यांबाबत उलटं होण्याची भीती आहे. यंत्र विकणारी कंपनी जुळंही सोबत देते, आणि विदा (डेटा) तिच्याच सर्व्हरवर राहते. छोट्या उद्योजकाला पडद्यावर हिरवे-तांबडे दिवे दिसतात. दिवा तांबडा का झाला, हे त्याला विकत घ्यावं लागतं. शिवाय या यंत्रांचं वय अजून कमी आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता चुकांवरून शिकते, आणि नाशिकच्या मेमधल्या उकाड्यात, इथल्या क्षारांच्या पाण्यावर, दहा वर्षं चाललेला स्टॅक अजून कुणी पाहिलेला नाही. थंड देशातल्या दोन-चार वर्षांच्या विदेवर शिकलेलं प्रतिरूप इथं आत्मविश्वासानं चुकेल. म्हणून सुरुवातीची काही वर्षं प्रतिरूपाचा पाया भौतिकशास्त्राच्या समीकरणांवर असावा, शिकणारा भाग त्यावर बसवावा, आणि शेवटचं बटण पाळीवरच्या माणसाच्या हाताखाली राहावं. आयटीआय झालेल्या त्या मुलाला ‘हे का सुचवतोस’ असं यंत्राला मराठीत विचारता आलं आणि कळेल असं उत्तर मिळालं, तर तो दोन वर्षांत त्या यंत्राचा जाणकार होईल. नुसते दिवे पाहत राहिला तर तो राखणदार होईल. खरेदीच्या करारात एक ओळ घालायची आहे: आमच्या यंत्राची नोंद आमच्या ताब्यात, आम्हाला वाचता येईल अशा रूपात. अंबड-सातपूरच्या उद्योजकांच्या संघटनांनी ही ओळ एकत्र मागितली तर ती मिळेल. एकट्यादुकट्याला मिळणार नाही.

आणि आता तो हिशोब, जो मला सगळ्यात जास्त छळतो. राज्याच्या ५ लाख टनांना वर्षाला २,६०० कोटी युनिट लागतील. सौर प्रकल्पाच्या एका मेगावॅटमधून वर्षाला साधारण १७ लाख युनिट मिळतात, म्हणजे १५ हजार मेगावॅट, साठ हजार एकरांहून अधिक जमीन. पाण्याच्या मानानं हा भार कितीतरी मोठा आहे. दुपारी जाळ्यात सौर वीज ओसंडून वाहते, तेव्हा ती वाया घालवण्यापेक्षा इलेक्ट्रोलायझरनं घ्यावी, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण दुपारचा प्रत्येक युनिट बेवारस नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, तो शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून. निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या उसाच्या आणि मक्याच्या पट्ट्यात ही सोय चैनीची नाही.

ज्या फीडरवर अजून रात्रीची पाळी आहे, तिथं अकरा वाजता लाइट आली की घरातला एकजण बॅटरी आणि काठी घेऊन निघतो. बिबट्याच्या भीतीनं बरोबर दुसरा जातो, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावतो. मोटार सुरू करून बारे देत पहाटेपर्यंत उसात उभा राहतो. त्या फीडरचा क्रमांक, तिथं दिवसा किती तास वीज पोचली आणि किती नाही, हे महावितरणच्या नोंदीत असतं. पाच-सात किलोमीटरवरच्या हायड्रोजन प्रकल्पाच्या जुळ्यात, दुपारी बाराच्या रकान्यात, ते मला पाहायचं आहे.